दोन्हीकडून सारखं

डावा हात सायकलच्या मुठीपर्यंत पोचला. पण बोटं मिटताच काखेपासून कोपरापर्यंत आत कुठेतरी तार ताणल्यासारखं झालं, आणि बिकाजानने पेडलवरचा पाय पुन्हा जमिनीवर टेकवला. सायकल फाटकाबाहेर दोन हातही गेली नव्हती.

दुसऱ्या खेपेला ती शेजाऱ्यांच्या तुतीपर्यंत गेली. तिसऱ्या खेपेला हात आपोआप सुटला, हॅंडल गर्रकन उजवीकडे वळलं आणि ती सायकलसकट रस्त्याकडेच्या पाटात जाऊन बसली. पाटाला अजून पाणी सोडलेलं नव्हतं, एवढंच नशीब. शेजारीण धावत आली. साखळी उतरली, असं बिकाजानने तिला सांगितलं. शेजारणीने साखळीकडे पाहिलं. ती जागच्या जागी होती. तिने मग सायकल उभी करायला मदत केली, बिकाजानच्या झग्याची माती झटकली आणि आपल्या तंदूरकडे परत गेली.

एकोणतीस वर्षं बिकाजान या कालव्याकाठच्या चार वस्त्यांवर सायकलने फिरत होती. ती दवाखान्याची फिरती नर्स. बाळंतिणींना बघायचं, तान्ह्यांचं वजन करायचं, म्हाताऱ्यांचा रक्तदाब मोजायचा, आणि कुणाच्या घरात काय शिजतंय यावरून तिथं काय बिनसलंय ते ओळखायचं. चारही वस्त्यांवरची कुत्री तिला बघून फक्त एक डोळा उघडायची. जुन्या सायकलचा सांगाडा दोन वर्षांपूर्वी तडकला, तेव्हा उर्गेंच शहराच्या बाजारातून तिने ही नवी आणली. पोरंटोरं चालवतात तसली, सरळ लांब दांडीच्या हॅंडलची. बैलाची शिंगं धरून चाललीय, असं लोक हसायचे. तिला ते आवडायचं. हात पसरून वाऱ्यात शिरलं की छाती मोकळी होते, असं ती म्हणायची.

मग ऑक्टोबरात तिचं ऑपरेशन झालं. डाव्या बाजूचं सगळं काढलं, काखेतल्या गाठींसकट. हिवाळा औषधांत गेला. केस गेले आणि नवरोजच्या, वसंतातल्या नव्या वर्षाच्या सुमारास थोडे थोडे परत आले, लोकरीसारखे. हात वर जावा म्हणून रोज भिंतीवर बोटं चढवत न्यायची, असं उर्गेंचच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, आणि ती ते नेमाने करत होती. हात वर जायला लागला. बाजूला पसरायचा म्हटलं की मात्र तीच तार.

तिचा नवरा रोझमत कालव्यावरच्या पंपघरात मेकॅनिक होता. या सहा महिन्यांत तो कणीक मळायला शिकला, कणकेच्या पाकिटात अंडं भरून बराक उकडायला शिकला, धुणंसुद्धा वाळत घालायला लागला. बायकांनी त्याचं कौतुक केलं. पण तुला धक्का लागायला नको म्हणून तो जो बाहेरच्या खोलीत झोपायला गेला, तो तिथंच राहिला. ती कपडे बदलायला लागली की त्याला अंगणात काहीतरी काम आठवायचं. घरात त्या गोष्टीला 'ते ऑपरेशन' म्हणत. काय कापलं याचं नाव कुणी घेत नसे, तीही घेत नसे.

दवाखान्याच्या मोठ्या डॉक्टर शाहिस्ता यांनी तिला लसीकरणाच्या खोलीत बसायला सांगितलं होतं. आतलं काम, ऊब आहे, खुर्ची आहे, तुमच्या वस्त्या ती नवी नर्स इंतिझार बघतेच आहे. बिकाजानने सोमवारपर्यंत विचार करते म्हणून सांगितलं होतं. त्या दिवशी पाटातून उठून घरी आली तेव्हा तिचा विचार करून झाला होता. खुर्ची तर खुर्ची.

दुपारी इंतिझारच आली. तेवीस वर्षांची, नवी नवरी, कामाला चोख पण अजून दारात उभी राहून बोलणारी. चहा पिता पिता ती एकेका घराची खबर देत होती. बोलता बोलता मोडक्या पुलापलीकडच्या शेवटच्या घराचा विषय निघाला. तिथली सून सानाबर, सात महिन्यांचं बाळ अंगावर पिणारं. बाळ एका बाजूला तोंडच लावत नाही, सानाबर म्हणते दुधाची गाठ आहे, सासू कांदा भाजून बांधते.

"कधीपासून?" बिकाजानने विचारलं.

"हिवाळ्यापासून असेल. दुखत नाही म्हणते."

बिकाजानने पेला खाली ठेवला. दुधाची गाठ दुखते, तापते, आठवड्याभरात फुटते नाहीतर विरते. न दुखणारी गाठ तिला ठाऊक होती. सानाबरला उर्गेंचला पाठवलं का नाहीस, असं तिने विचारलं. इंतिझारने मान खाली घातली. दोनदा सांगितलं, म्हणाली. सांगू की नको अशा आवाजात मग पुढचं आलं.

"आपा, राग धरू नका. तिच्या सासूबाई म्हणतात, तिथं गेलं की कापतात आणि मग माणूस उठत नाही. म्हणतात, बिकाजान स्वतः नर्स असून घराबाहेर पडलेली कुणी पाहिली का?"

इंतिझार गेल्यावर बिकाजानने ओसरीवरचा झाडू उचलला. संध्याकाळी रोझमत आला तेव्हा तिने त्याला सांगितलं, मला सायकलवर शेवटच्या घरी जायचंय आणि त्यासाठी हॅंडल कापून आखूड करून द्या. हात जवळ राहिले तर तार ताणत नाही, हे तिने दुपारीच झाडू आडवा धरून बघितलं होतं.

रोझमतने ते उडवून लावलं. मेहुण्याची गाडी पुलापर्यंत जाते, तिथून पुढं सावकाश चालत जाऊ, मी येतो बरोबर, असं त्याचं म्हणणं. बिकाजान म्हणाली, नवऱ्याच्या दंडाला धरून, धापा टाकत मी त्या दारात पोचले तर त्या बाईला जे वाटतंय तेच खरं ठरेल. दुसऱ्या कुणाला पाठव, तो म्हणाला. दुसरी जाऊन आली, ती म्हणाली. शेवटी त्याने कपाळाला आठी घालून सांगितलं, "कापलेली नळी परत जोडता येत नाही. नाही जमलं, तू पडलीस, तर?" आणि तो उठून गुरांना चारा टाकायला गेला. त्यांच्याकडे एकच गाय होती. तिला चारा टाकायला त्याला एवढा वेळ कधीच लागत नसे.

दुसऱ्या दिवशी तो पंपघरात गेल्यावर बिकाजानने त्याची हत्यारांची पेटी उघडली. लोखंड कापायची करवत वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलेली होती. तिने सायकल चौथऱ्याला टेकवली, डाव्या पायाने चाक दाबून धरलं आणि उजव्या हाताने करवत चालवायला सुरुवात केली. हॅंडल हलत होतं, पातं घसरत होतं. दांडीवर आडवेतिडवे ओरखडे उठले. मग एक खाच पडली, तीही तिरकी. पहिलं पातं मोडलं. तिने दुसरं लावलं, ते उलटं लागलं. दुपारी रोझमत जेवायला आला तेव्हा ती घामाने भिजलेली होती आणि खाच नखाएवढीही खोल गेलेली नव्हती.

तो फाटकात उभा राहून क्षणभर बघत राहिला. ती थांबली नाही. तो जवळ आला आणि त्याने करवत तिच्या हातातून काढून घेतली. भांडायला आलाय असं वाटून ती तोंड उघडणार, तोच तो म्हणाला, "पात्याचे दात पुढं तोंड करून लावायचे. आणि आधी मुठी काढायच्या. मुठीसकट कुणी कापतं का?"

जेवण तसंच झाकून राहिलं. रोझमतने साबणाचं पाणी केलं, बारीक पेचकसाने मुठीची रबरी कड उचलून आत सोडलं आणि पिळून पिळून दोन्ही मुठी ओढून काढल्या. ब्रेकच्या दांड्या सैल केल्या. मग तो अडला. किती कापायचं ते दांडीवर बघून ठरणार नव्हतं.

"बस," तो म्हणाला.

ती सायकलवर बसली. त्याने पुढचं चाक दोन गुडघ्यांत धरलं. हात ठेव, दुखेल तिथं नको, दुखत नाही तिथं ठेव, असं त्याने सांगितलं. तिने ठेवला. चेहऱ्यावरून त्याला कळलं की तिथं दुखतंय. त्याने तिचं मनगट धरून हात बोटभर आत सरकवला. अजून बोटभर. मग त्याला दिसलं की खांदाच वर चढलाय. तो खाली यावा म्हणून त्याने तळवा तिच्या डाव्या खांद्यावर ठेवला आणि हलकेच दाबला. ऑक्टोबरापासून त्या खांद्याला डॉक्टरांशिवाय कुणी हात लावला नव्हता. बिकाजानने डोळे मिटले. दोघंही तसेच राहिले, गरजेपेक्षा थोडं जास्तच. मग तिने सांगितलं, "इथं. इथं नाही दुखत."

त्याने तिथं चिकटपट्टी गुंडाळली, पट्टीने मोजलं. नऊ सेंटिमीटर. तिची सकाळची तिरकी खाच सुदैवाने त्याच्याबाहेर, कापून जाणाऱ्या तुकड्यात होती. मग त्याने उजवीकडेही नऊ मोजले आणि चिकटपट्टी गुंडाळली.

"उजवं कशाला?" ती म्हणाली. "तो हात चांगला आहे."

"दोन्हीकडून सारखंच कापायचं असतं. एकाच बाजूने कापलं तर तोल जातो, गाडी ओढत राहते एकीकडे."

"माझं तर एकाच बाजूने कापलंय."

तिच्या तोंडून ते निघून गेलं. थट्टेतच निघालं. रोझमत करवतीचा खिट्टा पिळत होता. तो घट्टच होता, तरी त्याने आणखी एक वेढा दिला. तो तिच्याकडे बघत होता. तोंडाकडे नाही, गळ्यापासून खाली, झग्याची डावी बाजू जिथं सपाट पडली होती तिथं. सहा महिन्यांत पहिल्यांदाच बघत होता.

"तरी तू सरळ चालतेस की," तो म्हणाला.

ती हसली. मग त्यालाही हसू आलं, आणि हसता हसता त्याने बाहीने डोळे पुसले. लोखंडाचा कीस उडाला म्हणाला. कापायला अजून सुरुवातही झाली नव्हती.

पंपाच्या रबरी नळीवर आवळतात तसली पत्र्याची पट्टी त्याने आणली, दांडीवर चढवून खुणेपाशी पेचाने आवळली. तिच्या कडेला पातं टेकवलं की तिरकं जायची सोय नाही. जुन्या शर्टाच्या चिंधीत दांडी गुंडाळून त्याने ती वाइसच्या लोखंडी जबड्यात धरली, दोन थेंब तेल सोडलं आणि कापायला लागला. लांब, सावकाश हात. बिकाजान दुसरं टोक धरून उभी होती. करवतीची थरथर तिच्या तळहातात येत होती. डावीकडचा तुकडा टणकन फरशीवर पडला. उजवीकडचा पडायच्या आत तिने झेलला, तो चांगलाच तापलेला होता. मग त्याने कानशीने कड घासली, आतून गोल कानस फिरवली, आणि बोट फिरवून पाहिलं. समाधान झालं नाही म्हणून पुन्हा घासली. शेवटी तिचंही बोट तिथं फिरवायला लावलं. मुठी बसल्या, ब्रेक आत सरकले. ब्रेकच्या तारा आता लांब पडून पुढं कमानीसारख्या फुगल्या, त्या त्याने दोऱ्याने बांधल्या. जेवायला बसले तेव्हा बराक थंडगार झाले होते. त्याने बाहेरच्या खोलीतली आपली गादी त्याच संध्याकाळी आत आणली.

आखूड हॅंडलची सायकल चंचल निघाली. जरा हात हलला की चाक पळायचं. दोन दिवस बिकाजान कालव्याच्या बांधावर शिकाऊ पोरीसारखी वेडीवाकडी फिरली. शेजारणीने विचारलं, बैल विकून बकरी घेतलीस का. तिसऱ्या दिवशी सकाळी तिने पिशवी मागे बांधली. रोझमत त्या दिवशी कामावर लवकर गेला होता, आणि पंपघर उलट दिशेला असताना बांधावर पहिल्या वळणापाशी पाण्याची पातळी बघत उभा होता. ती त्याच्या शेजारून गेली. दोघांनीही ओळख दाखवली नाही.

आठ किलोमीटर. जमिनीतलं मीठ धुवायला सोडलेलं पाणी शेतांतून आटत आलं होतं आणि कडेला पांढरी साय धरली होती. वारा समोरून होता. ती दोनदा उतरली, एकदा पुलाच्या फळ्यांवरून सायकल ढकलत नेली. शेवटच्या घराच्या अलीकडे, बोरूच्या आडोशाला, ती पाच मिनिटं श्वास बसेपर्यंत थांबली. तोंड पुसलं, रुमाल नीट बांधला आणि मग चढून बसली.

सानाबरची सासू उलजान फाटकात सरपण मोडत होती. सत्तरीची, कोरडी, कुणाला बस म्हणायच्या आधी काय काम आहे ते विचारणारी. सायकल थेट तिच्या पायांशी येऊन थांबली, तेव्हा तिच्या हातातली काटकी तशीच राहिली.

"तू अंथरुणाला खिळलीस म्हणत होते लोक."

"अंथरूण धुवायला काढलंय," बिकाजान म्हणाली. "म्हणून उठावं लागलं."

उलजान हॅंडलकडे बघत राहिली. हे असं आखूड का, तिने विचारलं. हात पूर्वीसारखा पसरत नाही, म्हणून त्यालाच जवळ ओढून घेतलं, असं बिकाजानने सांगितलं. म्हातारीने हूं केलं आणि चहाला पाणी ठेवलं.

चहा झाल्यावर बिकाजान सानाबरबरोबर आतल्या खोलीत गेली. सानाबर चौतीस वर्षांची होती, तिसरं बाळंतपण, नवरा रशियात इमारतींच्या कामावर. तिने आधी सगळं ठीक आहे म्हणूनच सांगितलं. बिकाजानने प्रश्न विचारले नाहीत. दार लोटलं आणि आपल्या झग्याची बटणं काढायला लागली. हे तिने घरी ठरवलं नव्हतं. नवऱ्यापुढे अजून धीर झाला नव्हता, आणि इथं हात आपोआप वर गेला.

सानाबर बघत राहिली. सपाट कातडी, काखेपर्यंत गेलेली एक लांब गुलाबी रेघ. बाळ मांडीवर चुळबुळत होतं.

"दुखतं?"

"तेव्हा दुखलं. आता हात पसरला की ओढतं. वाऱ्याविरुद्ध आले ना, आज जास्त ओढेल."

"आणि... रडलात?"

"खूप. मग पोटात कावळे ओरडायला लागले, तेव्हा जेवले." बिकाजानने बटणं लावली. "सगळ्याच गाठी तसल्या नसतात, सानाबर. दुधाची निघाली तर तुझ्याआधी मी हसेन. पण बघून घ्यायचं. मी फार उशिरा बघितलं. दुसऱ्यांची तपासत फिरले आणि स्वतःकडे लक्ष दिलं नाही. म्हणून एवढं कापावं लागलं."

सानाबर बाळाच्या पायाचा अंगठा चोळत बसली. मग तिने विचारलं, "तुम्ही बरोबर याल?" गुरुवारी सकाळी डांबरी रस्त्यावर भेटू, असं ठरलं. तपासून पाहिलं तेव्हा गाठ बोराएवढी होती, कडक. बिकाजानने चेहरा हलू दिला नाही.

सोमवारी तिने डॉक्टर शाहिस्तांना सांगितलं की खुर्ची नको. पण चारही वस्त्या आता होणार नाहीत, हेही तिनेच सांगितलं. परतीच्या वाटेवर तिला तीनदा बसावं लागलं होतं आणि रात्रभर हात उशीवर ठेवून झोपावं लागलं होतं. जवळच्या दोन इंतिझारच्या, लांबच्या दोन माझ्या, असं ती म्हणाली. डॉक्टरांनी उलटं करायला सांगितलं. त्यावर ती एवढंच म्हणाली, की लांबची माणसंच नव्या नर्सला दारात उभी करतात. तिच्या हातच्या दोन वस्त्या त्या दिवशी गेल्या. तिथली कुत्री आता इंतिझारला ओळखायला शिकणार होती.

गुरुवारी उलजानने सुनेला आणि बाळाला गाढवाच्या गाडीतून डांबरी रस्त्यापर्यंत आणलं. ती अजून राजी नव्हती; वाटभर बोलली नाही, असं सानाबर म्हणाली. बिकाजान सायकलवर आली. थांब्याच्या खांबाला तिने सायकल टेकवली, कुलूप नव्हतं. मिनीबस आली. बाळाला घेऊन मी घरी जाते, बाटलीत उकळलेलं दूध आहे, असं उलजान रस्त्याकडे बघत म्हणाली.

उर्गेंचला दिवस गेला. रांगा, यंत्राखाली झोपणं, मग गाठीत सुई. सुईचा निकाल आठवड्याने येणार होता. तो आला तेव्हा बातमी चांगली नव्हती, पण गाठ लवकर सापडली होती, आणि सानाबरचं थोडक्यात भागलं. त्या गुरुवारी डॉक्टर इतकंच म्हणाले, लहान आहे, वेळेत आलात. परतीच्या बसमध्ये सानाबर हे वाक्य पुन्हा पुन्हा मनाशी म्हणत होती आणि बिकाजानच्या उजव्या खांद्यावर डोकं ठेवून पुलाच्या फाट्यापर्यंत झोपली.

उतरल्या तेव्हा ऊन कलंडलं होतं. थांब्यापाशी गाढव गाडीला जुंपलेलंच उभं होतं. खांबाच्या सावलीत, मातीत, उलजान बसली होती. बाळ तिच्या मांडीवर गाढ झोपलेलं, तोंडाभोवती सुकलेल्या दुधाचे पांढरे डाग. तिचा एक हात बाळाच्या पोटावर होता आणि दुसरा वर करून तिने सायकलचं हॅंडल धरलं होतं. सकाळपासून धरलं असावं. बोटं मुठीवरच आखडली होती. डॉक्टर काय म्हणाले ते तिने विचारलं नाही. सुनेच्या तोंडाकडे एकदा बघितलं आणि बाळ तिच्या हातात दिलं.

"वारा सुटला होता," ती बिकाजानला म्हणाली. "पडली असती."